कार्बन नॅनोट्यूब मेम्ब्रेन: पाणी ‘हजार पट वेगाने’ गाळणारी नळी अजून घराघरांत का पोहोचली नाही?

आरओ दुरुस्त करायला आलेला माणूस “मेम्ब्रेन गेलाय, बदलावा लागेल” असं म्हणाला, की बिल वाढणार हे आपल्याला कळतं. पाण्यातले क्षार अडवायचं मुख्य काम हा मेम्ब्रेन, म्हणजे गुंडाळी करून बसवलेला एक पातळ पडदा करतो. घरच्या आरओत एक छोटी गुंडाळी पुरते. चेन्नईजवळच्या मिंजूर आणि नेम्मेली इथल्या प्रकल्पांत अशा हजारो मोठ्या गुंडाळ्या समुद्राचं पाणी पिण्याजोगं करतात.

या पडद्याला पर्याय म्हणून गेली वीस वर्षं एक नाव सतत ऐकू येतं: कार्बन नॅनोट्यूब. ‘पाणी हजार पट वेगाने गाळतो’, ‘समुद्राचं पाणी जवळपास फुकटात गोड होणार’ अशा मजकुराचे व्हिडिओ तुमच्याही मोबाइलवर आले असतील. यातल्या पहिल्या दाव्यामागे खरे प्रयोग आहेत. दुसऱ्या दाव्याला मात्र निसर्गाचे नियमच आड येतात. कसे, ते पाहू.

कार्बन नॅनोट्यूब म्हणजे काय?

कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती षटकोनी छिद्रांची तारेची जाळी आठवा. त्या जाळीच्या प्रत्येक कोपऱ्यावर कार्बनचा एक अणू आहे आणि जाळी फक्त एका अणूइतकी जाड आहे अशी कल्पना करा. हे झालं ग्राफीन. त्याची सुरळी केली की होते कार्बन नॅनोट्यूब. एकाच थराची असेल तर एकपदरी आणि एकात एक अनेक सुरळ्या असतील तर बहुपदरी.

नॅनोमीटर म्हणजे एका मीटरचा अब्जावा भाग. आपला केस साधारण ८०,००० ते १,००,००० नॅनोमीटर जाड असतो. एकपदरी नॅनोट्यूबचा व्यास १ ते २ नॅनोमीटरच्या आसपास असतो आणि पाण्याचा रेणू जेमतेम ०.२८ नॅनोमीटरचा. सर्वात अरुंद नळ्यांत पाण्याचे रेणू शेजारी-शेजारी मावत नाहीत, एकामागे एकच जाऊ शकतात.

जपानमधल्या एनईसी कंपनीचे शास्त्रज्ञ सुमियो इजिमा यांनी १९९१ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात या नळ्यांची रचना मांडली आणि जगाचं लक्ष तिकडे गेलं. त्याआधी १९५२ मध्ये सोव्हिएत संघातल्या दोन शास्त्रज्ञांनी कार्बनच्या अशा सूक्ष्म नळ्यांची छायाचित्रं छापली होती, पण ती रशियन भाषेतल्या नियतकालिकात असल्याने बाहेर फारशी कुणी पाहिली नाहीत.

पाण्याशी न जमणाऱ्या नळीत पाणी शिरतं कसं?

कार्बनचा पृष्ठभाग पाण्याला धरून ठेवत नाही. त्यामुळे इतक्या अरुंद नळीत पाणी शिरणारच नाही, असं वाटणं स्वाभाविक आहे. २००१ मध्ये गेरहार्ड हमर आणि सहकाऱ्यांनी संगणकावर एक आभासी प्रयोग केला. ०.८ नॅनोमीटर व्यासाची छोटी नळी त्यांनी पाण्यात ठेवली. नळी लगेच भरली, भरलेलीच राहिली आणि रेणू एका रांगेत झपाट्याने पलीकडे जाऊ लागले.

याची दोन कारणं आहेत. पाण्याचे रेणू एकमेकांना हायड्रोजन बंधांनी धरून असतात. एरवी एका रेणूचे असे साधारण चार बंध असतात, तर नळीतल्या रांगेत पुढचा आणि मागचा असे दोनच उरतात. पण ते दोन बंध बऱ्यापैकी टिकून राहतात, त्यामुळे रांग तुटत नाही. दुसरं कारण म्हणजे नळीची आतली भिंत. ती अणूंच्या पातळीवर गुळगुळीत असते आणि पाण्याला अडकायला तिथे जागाच नसते.

आपल्या पेशींमध्येही पाण्यासाठी अशाच अरुंद वाटा आहेत. त्यांना अ‍ॅक्वापोरिन म्हणतात आणि त्यांच्या शोधासाठी पीटर अ‍ॅग्री यांना २००३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. अशा एका वाटेतून सेकंदाला सुमारे तीन अब्ज रेणू जातात. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या अलेक्झांडर नॉय यांच्या गटाने ०.८ नॅनोमीटर व्यासाच्या, अगदी आखूड नॅनोट्यूब मेदाच्या पडद्यात बसवून मोजणी केली. या नळ्यांनी अ‍ॅक्वापोरिनलाही सुमारे दहापटींनी मागे टाकलं. म्हणजे वेग ही अफवा नाही.

नळ्यांचा पडदा बनवतात कसा?

सुट्या नळ्या म्हणजे काळी भुकटी. पडदा करायचा तर अब्जावधी नळ्या एका दिशेने उभ्या राहायला हव्यात, त्यांच्यामधली जागा बुजायला हवी आणि नळ्यांची दोन्ही तोंडं मात्र उघडी हवीत.

साधारण पद्धत अशी असते. सिलिकॉनच्या चकतीवर लोखंडासारख्या धातूचे अतिसूक्ष्म कण पसरतात. भट्टीत तापवून त्यावरून कार्बनयुक्त वायू सोडतात. प्रत्येक कणावर एक नळी उगवते आणि शेतातल्या दाट पिकासारखं नळ्यांचं रान उभं राहतं. मग नळ्यांमधल्या फटींत प्लास्टिक किंवा सिलिकॉन नायट्राइड भरतात. शेवटी वरचा-खालचा भाग खरवडून नळ्यांची तोंडं उघडतात.

अमेरिकेतल्या केंटकी विद्यापीठात ब्रूस हाइंड्स यांच्या गटाने २००४ मध्ये बहुपदरी नळ्या पॉलिस्टायरीनमध्ये बसवून असा पडदा बनवला. त्याची छिद्रं सुमारे ७ नॅनोमीटरची होती. २००६ मध्ये लॉरेन्स लिव्हरमोर राष्ट्रीय प्रयोगशाळेतल्या गटाने २ नॅनोमीटरपेक्षा अरुंद नळ्यांचा पडदा बनवून दाखवला.

‘हजार पट’ हा आकडा आला कुठून?

बारीक नळीतून किती पाणी जाईल हे काढायचं जुनं सूत्र आहे. त्यानुसार तेवढ्याच दाबाखाली नळीचा व्यास निम्मा केला की प्रवाह सोळाव्या हिश्श्यावर येतो. या हिशेबाने नॅनोट्यूबमधून पाणी जेमतेम झिरपायला हवं. हाइंड्स यांच्या गटाने २००५ मध्ये सांगितलं, की प्रत्यक्ष प्रवाह सूत्रापेक्षा दहा हजार ते एक लाख पट जास्त आहे. २००६ च्या लिव्हरमोरच्या पडद्यात तो हजार पटींहून जास्त निघाला.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. ही तुलना त्याच आकाराच्या नळीसाठी सूत्राने काढलेल्या उत्तराशी आहे, आपल्या आरओच्या मेम्ब्रेनशी नाही. फॉरवर्ड होताना नेमका हा तपशील गळतो आणि ‘सूत्रापेक्षा हजार पट’ याचं ‘आजच्या फिल्टरपेक्षा हजार पट’ होऊन जातं.

शिवाय आकड्यांमध्ये एकमत नव्हतं. पडद्यात नेमक्या किती नळ्या आरपार उघड्या आहेत, हे मोजणंच अवघड असतं. ती संख्या चुकली की प्रत्येक नळीच्या वाट्याला आलेला वेगही चुकतो. २०१६ मध्ये पॅरिसच्या एका गटाने एकेका सुट्या नळीतून निघणारी पाण्याची धार मोजली. भिंतीला न चिकटता पाणी घसरतं हे सिद्ध झालं, आणि नळी जितकी अरुंद तितकं ते जास्त घसरतं हेही दिसलं. पण हे घसरणं २००५ च्या प्रयोगात सांगितलं होतं तितकं प्रचंड नव्हतं. गंमत म्हणजे तशाच रचनेच्या बोरॉन नायट्राइडच्या नळ्यांत ते जवळपास आढळलंच नाही.

मीठ अडतं का?

पाणी वेगाने गेलं, पण त्याबरोबर मीठही गेलं तर उपयोग काय? खरी परीक्षा इथे आहे.

मिठातला सोडियमचा आयन पाण्यात एकटा फिरत नाही. पाण्याचे रेणू त्याला चिकटून असतात आणि त्या लवाजम्यासकट त्याचा व्यास ०.७ नॅनोमीटरच्या आसपास जातो. अरुंद नळीत शिरायचं तर त्याला हा लवाजमा काही प्रमाणात सोडावा लागतो आणि त्याला बरीच ऊर्जा लागते. बेन कोरी यांनी २००८ मध्ये संगणकावर केलेल्या अभ्यासात ०.८ नॅनोमीटरपर्यंतच्या नळ्यांनी मीठ पूर्ण अडवलं. सुमारे १.१ नॅनोमीटरच्या नळीतून मात्र ते बऱ्याच प्रमाणात निसटलं. म्हणजे सगळा खेळ एका नॅनोमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याचा आहे. सगळ्या नळ्या नेमक्या एकाच व्यासाच्या उगवणं हे अजूनही अवघड काम आहे.

दुसरा उपाय म्हणजे नळीच्या तोंडावर ऋण विद्युतभार बसवणं. तो ऋण आयनांना ढकलतो आणि विद्युत समतोल राखण्यासाठी धन आयनही बाहेरच थांबतात. लिव्हरमोरच्या गटाने २००८ मध्ये काही विशिष्ट परिस्थितीत ९८ टक्क्यांपर्यंत आयन अडवून दाखवले. पण पाण्यातले क्षार वाढले की तोंडावरच्या भाराचा प्रभाव झाकला जातो आणि आयन आत शिरू लागतात.

आता ९८ टक्के हा आकडा समुद्राला लावून पाहू. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५,००० मिलिग्रॅम क्षार असतात. त्यातले ९८ टक्के अडवले तरी ७०० उरतात. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात विरघळलेल्या क्षारांची म्हणजे टीडीएसची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे. परीक्षेत ९८ टक्के म्हणजे पेढे वाटायची वेळ, समुद्राच्या पाण्यासाठी मात्र ते नापास. त्यात पडद्याला कुठे बारीकशी चीर असेल, तर कितीही चांगल्या नळ्या असल्या तरी खारं पाणी त्या चिरेतून पलीकडे जाणार.

वेग वाढला तर वीज वाचेल का?

‘जवळपास फुकटात गोडं पाणी’ हा दावा इथे कोसळतो.

मीठ आणि पाणी एकमेकांत आपोआप मिसळतात. त्यांना वेगळं करायचं तर किमान काही ऊर्जा मोजावीच लागते, मग पडदा कशाचाही असो. समुद्राच्या पाण्यातून निम्मं पाणी गोडं करून काढायचं असेल, तर हजार लिटर गोड्या पाण्यामागे ही किमान ऊर्जा सुमारे १ युनिट वीज इतकी आहे. आजच्या चांगल्या प्रकल्पांत प्रत्यक्ष गाळण्याच्या टप्प्यावर साधारण २ युनिट लागतात. पाणी समुद्रातून खेचणं, आधी स्वच्छ करणं, उरलेलं दाट खारं पाणी परत सोडणं हे सगळं धरलं तर ३ ते ४.

मुंबई महापालिकेने मनोरीला आखलेल्या प्रकल्पाचं उदाहरण घ्या. पहिल्या टप्प्याची क्षमता रोज २० कोटी लिटर धरली आहे. हजार लिटरला ३ युनिट धरले तर रोजचे ६ लाख युनिट होतात. जगातला सर्वात वेगवान पडदा बसवला, तरी त्यातले २ लाख युनिट निसर्गाचा हिशेब म्हणून द्यावेच लागतील. बाकीच्या खर्चाचा मोठा भाग पडद्याबाहेरचा आहे.

अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेतल्या संशोधकांनी २०१४ मध्ये हाच हिशेब मांडला. पडद्यातून पाणी तिप्पट सहज जाऊ लागलं, तर समुद्राच्या पाण्याच्या प्रकल्पात ऊर्जा सुमारे १५ टक्के वाचेल. किंवा तेवढ्याच विजेत ४४ टक्के कमी दाब-नळकांड्यांत काम भागेल. हा फायदा चांगला आहे, पण हजार पटींच्या जवळपासही नाही.

मचूळ पाण्याच्या बाबतीत मात्र चित्र वेगळं आहे. तिथे क्षार कमी असल्याने किमान ऊर्जाही कमी लागते आणि पडद्याच्या वेगाला जास्त महत्त्व येतं. त्याच हिशेबात मचूळ पाण्यासाठी ऊर्जेची बचत ४६ टक्क्यांपर्यंत जाते. अकोला, अमरावती आणि बुलडाणा जिल्ह्यांतल्या खारपाणपट्ट्यासारख्या भागांसाठी हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

आणि घरच्या आरओतून वाया जाणारं पाणी? नळीचा वेग वाढला तरी तेही आपोआप थांबणार नाही. अडलेले क्षार पडद्यावर साचू नयेत म्हणून ते धुऊन बाहेर टाकावे लागतात. त्यासाठी पाणी लागतंच.

वायू वेगळे करता येतात का?

नॅनोट्यूबच्या पडद्याचा दुसरा संभाव्य उपयोग म्हणजे वायू वेगळे करणं. बायोगॅसमधून कार्बन डायऑक्साइड काढून मिथेन शुद्ध करणं किंवा कारखान्यात हायड्रोजन वेगळा करणं ही खर्चिक कामं आहेत.

कॅरमचा स्ट्रायकर गुळगुळीत कडेला आपटला, की ठरलेल्या कोनात पुढे जातो. कड खडबडीत असेल तर तो कुठेही भरकटेल. साध्या सूक्ष्म छिद्रांत वायूचे रेणू असेच भरकटतात, पुढे-मागे करत राहतात. नॅनोट्यूबची भिंत गुळगुळीत असल्याने ते पुढे सरकत राहतात. २००६ च्या प्रयोगात वायूंचा प्रवाह नेहमीच्या गणितापेक्षा दहापटींहून जास्त होता.

अडचण अशी, की सगळेच वायू वेगाने जातात. हायड्रोजनचा रेणू सुमारे ०.२९ नॅनोमीटरचा, कार्बन डायऑक्साइडचा ०.३३, नायट्रोजनचा ०.३६ आणि मिथेनचा ०.३८. एक-दीड नॅनोमीटरची नळी म्हणजे या सगळ्यांना सताड उघडं दार. अशा छिद्रांत हलका वायू थोडा पुढे राहतो, तेवढाच काय तो फरक. गणिताने हायड्रोजन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ४.७ पट वेगाने जातो, पण नायट्रोजन ऑक्सिजनच्या फक्त १.०७ पट. एवढ्यावर हवेतून ऑक्सिजन वेगळा करणं परवडणारं नाही.

म्हणून इथे दोन वाटा धरल्या जातात. एक, नळीच्या तोंडावर असे रासायनिक गट बसवायचे जे एखाद्या वायूला ओढून घेतील किंवा अडवतील. दुसरी, वायूंची निवड नेहमीच्या प्लास्टिकच्या पडद्यावर सोपवायची आणि त्यात थोड्या नॅनोट्यूब मिसळून त्याचा वेग व मजबुती वाढवायची. दुसरी वाट बनवायला सोपी आहे.

मग आजवर हाती काय लागलं?

भरपूर लागलं, फक्त जाहिरातीत सांगतात तिथे नाही.

बनारस हिंदू विद्यापीठ आणि अमेरिकेतल्या रेन्सेलिअर संस्थेच्या संशोधकांनी २००४ मध्ये नॅनोट्यूबचं पोकळ नळकांडं बनवलं. त्याने पाण्यातले ई. कोलाय जिवाणू आणि सुमारे २५ नॅनोमीटरचे पोलिओचे विषाणू गाळून दाखवले. उष्णतेने निर्जंतुक करून ते पुन्हा वापरताही येत होतं. मीठ अडवण्यापेक्षा जंतू अडवणं किती सोपं आहे, हे यावरून दिसतं. विषाणू हा आयनाच्या कितीतरी पट मोठा असतो.

जपानच्या शिन्शू विद्यापीठातल्या संशोधकांनी आरओच्याच पडद्यात बहुपदरी नॅनोट्यूब मिसळल्या. इथे नळीच्या आतून पाणी नेणं हा उद्देश नाही. नेहमीचा पडदा क्लोरीनने खराब होतो आणि त्यावर थर साचतो. नॅनोट्यूब मिसळलेला पडदा या दोन्हींना जास्त दाद देत नाही, असं त्यांनी २०१५ मध्ये दाखवलं.

लिव्हरमोरच्या गटाने २०१६ मध्ये सरासरी ३.३ नॅनोमीटर छिद्रांचा, कापडासारखा वापरता येईल असा पडदा बनवला. घामाची वाफ त्यातून सहज बाहेर जाते, पण सुमारे ४० नॅनोमीटरचा डेंग्यूचा विषाणू आत येऊ शकत नाही. केंटकीत तर २०१० मध्ये अशा पडद्यातून त्वचेवाटे निकोटिनची मात्रा विजेच्या साहाय्याने कमी-जास्त करून दाखवली गेली. सिगारेट सोडणाऱ्यांसाठीच्या पट्टीचा विचार त्यामागे होता.

या यादीत एक साम्य आहे. जिथे थोड्या क्षेत्रफळाचा पडदा पुरतो किंवा जिथे अडवायची वस्तू नळीपेक्षा बरीच मोठी आहे, तिथे नॅनोट्यूब चांगलं काम करते. समुद्राच्या पाण्याला हजारो चौरस मीटर पडदा लागतो, तोही एकही चीर नसलेला आणि स्वस्त.

आरोग्याला धोका आहे का?

नॅनोट्यूब किती लांब, किती ताठ आणि कुठे आहे यावर ते अवलंबून असतं. २००८ मध्ये उंदरांवर केलेल्या अभ्यासात लांब बहुपदरी नळ्यांनी शरीराच्या पोकळीत अ‍ॅस्बेस्टॉससारखी दाहाची लक्षणं निर्माण केली. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१४ मध्ये ‘एमडब्ल्यूसीएनटी-७’ या एका प्रकाराला ‘मानवात कर्करोगाची शक्यता’ या गटात ठेवलं. बाकीच्या प्रकारांबद्दल निष्कर्ष काढण्याइतका पुरावा नसल्याचं सांगितलं.

मुख्य चिंता कारखान्यात ही भुकटी श्वासावाटे आत जाण्याची आहे. अमेरिकेच्या कामगार आरोग्य संस्थेने सुचवलेली मर्यादा एक घनमीटर हवेत फक्त १ मायक्रोग्रॅम आहे. पडद्यात घट्ट बसलेल्या नळ्यांची गोष्ट वेगळी. पण त्या वापरताना सुटून पाण्यात येत नाहीत ना, याची तपासणी कोणत्याही उत्पादनाने दाखवायलाच हवी.

‘नॅनोट्यूब प्युरिफायर’ची जाहिरात दिसली तर काय विचाराल?

- मेम्ब्रेन नॅनोट्यूबचाच आहे, की नेहमीच्या फिल्टरमध्ये थोडी नॅनोट्यूब मिसळली आहे?
- तो क्षार अडवतो की फक्त जंतू, गाळ आणि वास? टीडीएस किती होता आणि किती झाला?
- ‘हजार पट’ म्हणजे नेमकं कशाच्या हजार पट?
- नळ्या पाण्यात उतरत नाहीत, याची चाचणी कुठल्या प्रयोगशाळेने केली?

थोडक्यात

कार्बन नॅनोट्यूबमधून पाणी आणि वायू आश्चर्यकारक वेगाने जातात, हे प्रयोगांनी दाखवलं आहे. पण पाणी गोडं करताना वेग ही मुख्य अडचण कधीच नव्हती. एक मीठ सुटलं नाही पाहिजे, पडद्याला चीर नसली पाहिजे आणि तो चौरस मीटरच्या हिशेबात परवडला पाहिजे, या त्या अडचणी आहेत. ज्या दिवशी एकाच व्यासाच्या अरुंद नळ्या मोठ्या पडद्यावर स्वस्तात उभ्या करता येतील, त्या दिवशी मचूळ पाण्याच्या गावांना तिचा उपयोग आधी होईल. तोवर घरच्या आरओचा जुना मेम्ब्रेन वेळेवर बदला, आणि नळाच्या पाण्याचा टीडीएस मुळातच कमी असेल तर आरओ लागतो का, हेही एकदा तपासून पाहा.